ठोंब्यासाठी दवाखाना

तात्यांना साधा झाडू घ्यायचा असला तरी ते चार दुकानं फिरत, प्रत्येक झाडूनं दुकानदाराच्याच दुकानाचा एकेक कोपरा झाडून बघत आणि शेवटी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून हात हलवत घरी येत. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. प्रेशर कुकरच्या कारखान्यात झाकणं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. झाकण उचलायचं, उजेडाकडे धरायचं, कडेवरून बोट फिरवायचं आणि नापास करायचं. पास करणं हा त्यांच्या मते नाइलाज होता. बिल्डिंगमधले लोक त्यांना पाठीमागे चाळणीकाका म्हणत. तोंडावर तात्याच म्हणत, पण म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात चाळणी हलायची.

तर अशा तात्यांच्या घरात ठोंब्या नावाचा एक बोका होता आणि त्याला लस टोचायची होती.

"बाबा, कोपऱ्यावर सायकलच्या दुकानाच्या वर डॉक्टर आहेत एक," मुलगी म्हणाली. "क्लासला जाताना नेऊन आणते."

गोष्ट इथेच संपली असती. पण तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. चष्मा कपाळावर गेला, की तात्यांना काही दिसत नसे आणि त्यांच्या बायकोला पुढचं सगळं दिसू लागे.

"कोपऱ्यावर आहे म्हणून न्यायचं? उद्या कोपऱ्यावर एखादा मुलगा उभा असेल, तर त्याच्याशी लग्न करशील?"

मुलगी चिडेल असं तात्यांना वाटलं होतं. ती विचारात पडली. म्हणून तात्यांनी विषय घाईघाईनं ठोंब्यावर आणला.

"डॉक्टर कसा, आजारी पडायच्या आधी शोधावा."

"कोण आजारी पडायच्या आधी? डॉक्टर?" मुलगी म्हणाली.

"अहो, लस टोचायचीय नुसती," बायको म्हणाली. "त्याचं काळीज बदलायचं नाहीये."

"आज लस आहे. उद्या काय असेल सांगता येतं? तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतले आपण नव्हे."

ज्याची तहान, तो ठोंब्या फ्रिजवर पालथा पडला होता. त्यानं एक डोळा उघडून तात्यांकडे बघितलं आणि परत मिटला. ठोंब्याचं आणि तात्यांचं नातं एवढंच होतं. बोका मुलीचा, फ्रिज तात्यांचा.

बातमी जिन्यावरून खाली उतरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे वकील दारातच भेटले. वकिलांकडे जामीन नावाचा एक अवाढव्य, केसाळ कुत्रा होता. आयुष्यभरात त्यांनी कोर्टातून मिळवला नसेल एवढा जामीन त्यांच्या ओसरीत लोळत असे.

"तात्या, एक लक्षात ठेवा," वकील आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरला आपण होऊन काही सांगायचं नाही. विचारेल तेवढंच. तो चुकतो कुठे, ते बघायचं."

समोरच्या काकूंनी जन्मात एकही प्राणी पाळला नव्हता, काका सोडून. पण सल्ला त्यांच्याकडे तयार होता. "डॉक्टरच्या हातावरचे ओरखडे बघा. ओरखडे अजिबात नसतील, तर तो जनावरांना हात लावत नाही. फार असतील, तर जनावरं त्याला हात लावू देत नाहीत. मध्यम बघा."

हा सल्ला तात्यांना इतका शास्त्रीय वाटला, की त्यांनी कारखान्यातून रजा काढली.

पहिला दवाखाना बाजारपेठेत होता. काचेचा दरवाजा, आत गारेगार, भिंतीवर दात दाखवून हसणाऱ्या कुत्र्याचं मोठं चित्र. तात्या एकटेच गेले होते. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत वॉशिंग मशीनची काळी रबरी नळी. ती बायकोनं जुन्या नळीचा तुकडा नमुन्याला देऊन जाता जाता आणायला सांगितली होती. निवडीला वावच नव्हता, त्यामुळे पहिल्याच दुकानात मिळाली होती.

"पेशंट?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"घरी आहे."

"काय होतंय त्याला?"

"काही नाही. उत्तम आहे."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"बघायला," तात्या म्हणाले आणि मुलीच्या बापानं स्थळ बघावं तसे भिंती, पंखे, कोपरे बघत खुर्चीवर बसले. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. नळीचं एक टोक पिशवीतून बाहेर येऊन हळूहळू डुलायला लागलं. तात्यांना पाय हलवायची सवय होती.

शेजारच्या खुर्चीवर पांढराशुभ्र, कापसाच्या बोळ्यासारखा कुत्रा घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग तात्यांकडे बघितलं. मग एक खुर्ची सोडून बसल्या. थोड्या वेळानं आणखी एक सोडून. पलीकडे सशाची टोपली घेऊन बसलेल्या गृहस्थाच्या कानात त्या काहीतरी बोलल्या, तेव्हा गृहस्थानं आधी पाय वर घेतले आणि मग टोपली.

"बांधलाय ना नीट?" त्यानं लांबूनच विचारलं.

"कोण?"

"तुमचा... तो."

"छे, बांधायचा कशाला? गुंडाळी करून ठेवलाय."

तेवढ्यात कापसाच्या बोळ्यानं उडी मारली, नळीचं टोक दातात धरलं आणि मागे ओढलं. आखीव गुंडाळी सुटली. काळीभोर नळी फरशीवर वळसे घेत पसरली. त्यानंतर दवाखान्यात जमिनीवर फक्त तात्या आणि कुत्रा उरले. बाकीचे खुर्च्यांवर उभे होते. काउंटरवरच्या बाई आता खरोखरच काउंटरवर होत्या.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आतून बाहेर आले. पांढरा कोट, गळ्यात नळी. त्यांनी फरशीवरची नळी बघितली, परत आत गेले आणि कडी लावल्याचा आवाज आला.

"कुठल्या जातीचा आहे?" दाराआडून त्यांनी ओरडून विचारलं.

"वॉशिंग मशीनचा!" तात्या कुत्र्यामागे धावत ओरडले.

"विषारी आहे का?"

तात्या नळी घेऊन बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या मानी मनाला फार लागलं होतं. सापाला घाबरणारा माणूस एक वेळ त्यांनी खपवून घेतला असता; नळीला घाबरणारा डॉक्टर नापास. शिवाय ओरखडे बघायचे राहिलेच. संध्याकाळी बायकोनं मशीन लावलं, तेव्हा कुत्र्याच्या दातांनी पडलेल्या भोकांतून मोरीत इतकी सुरेख कारंजी उडाली, की मुलीनं फोटो काढले.

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन करू?" मुलीनं विचारलं.

"पद्धतीत चूक झाली," तात्या डोकं पुसत म्हणाले. "रिकाम्या हातानं जायला नको होतं. बरोबर जनावर पाहिजे."

पण ठोंब्याला दवाखान्यांतून वणवण फिरवणं त्यांना पटेना. म्हणून त्यांनी वकिलांकडे जामीन मागितला. वकिलांनी साखळी इतक्या चटकन हातात दिली, की तात्यांना तिथेच शंका यायला हवी होती. सरकारी जनावरांचा दवाखाना जुन्या पुलापलीकडे होता. तात्यांनी जामीनला तिथे नेलं असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. लोकांनी जे बघितलं, ते उलट होतं.

आवारात एक गाय, दोन-तीन शेळ्या आणि एक गाढव शांतपणे रांगेत उभे होते. खिडकीत एक कारकून बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "जनावर?"

"कुत्रा."

"तक्रार?"

"तक्रार नाही. मी फक्त दवाखाना कसा आहे..."

"तक्रारीशिवाय केसपेपर निघत नाही."

"मग केसपेपर नको."

"केसपेपरशिवाय आवारात जनावर आणता येत नाही. तुम्ही आणलंय. तक्रार?"

मागून गाढवानं तात्यांच्या पाठीला नाक लावलं. रांग खोळंबली होती. "लिहा हो काहीतरी," तात्या वैतागून म्हणाले. आणि कारकुनानं कुत्र्यांच्या बाबतीत त्याच्या हाताला जी सवय होती, त्याप्रमाणे लिहून टाकलं: चावतो.

पुढच्या गोष्टी फार वेगानं घडल्या. दोन माणसं आली, जामीनला पाठीमागच्या पिंजऱ्यात घेऊन गेली, दाराला कुलूप लागलं आणि तात्यांच्या हातात नुसती साखळी राहिली.

"अहो, हे काय?"

"चावलेलं कुत्रं आठ-दहा दिवस देखरेखीखाली ठेवायचं असतं. नियम आहे."

"पण तो चावलाच नाही!"

"कुणाला?"

"कुणालाच नाही!"

"मग ज्याला चावला नाही, त्याला घेऊन या. तो सही देईल, मग सोडू."

तात्या थक्क झाले. ज्याला कुत्रा चावला नाही असा माणूस शोधायला काही अडचण नव्हती. जगात जवळजवळ सगळे तसेच होते. अडचण होती ती त्यातला नेमका कोणता, ही. त्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं. कारकून म्हणाला, तुम्ही कुत्रा आणणारे, तुम्हाला कसं धरणार? तात्या घाबरत घाबरत म्हणाले, बरं, मग मलाच चावला असं धरा. तेव्हा कारकुनानं त्यांना माणसांच्या दवाखान्यात इंजेक्शनं घ्यायला जायची चिठ्ठी फाडून दिली.

शेवटी तात्यांनी घरी फोन केला. अर्ध्या तासात वकील आले. काळा कोट घालून आले होते. त्यांच्या मागे काकू होत्या, साक्षीदार म्हणून.

"माझ्या अशिलाला कोणत्या कलमाखाली डांबलंय?" वकील खिडकीवर हात आपटून म्हणाले. एवढ्या आवाजात बोलायची संधी त्यांना पुष्कळ दिवसांत मिळाली नव्हती.

"मला तो रोज जिन्यात भेटतो," काकूंनी न विचारताच साक्ष दिली, "आणि एकदाही चावलेला नाही. मी चावण्यासारखं काही कमी केलेलं नाही."

कारकून मात्र हलायला तयार नव्हता. काकूंचा पत्ता आणि कुत्र्याचा पत्ता एकच असल्यामुळे त्या नात्यातल्या साक्षीदार ठरतात, असं त्याचं म्हणणं पडलं. यावर काकूंच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो ऐकून गायही रवंथ करायची थांबली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर फिरतीवरून आले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाह्या वर सारलेल्या, अंगाला शेणाचा वास. कुठल्याशा गाईला मोकळं करून आले होते. त्यांनी सगळ्यांचं एकदम ऐकून घेतलं, म्हणजे कुणाचंच ऐकलं नाही. ते पिंजऱ्याशी गेले आणि जामीनचा जबडा दोन्ही हातांनी उघडून आत बघितलं.

"याचे दात कुठायत?"

वकिलांनी घसा साफ केला. "गेल्या वर्षी पडले. म्हातारा झालाय तो."

"एकही नाही?"

"मागे एक आहे. पण तो हलतो."

"मग हे आधी सांगायचं नाही?"

"आपण होऊन कशाला सांगायचं? कुणी विचारलं नाही."

तात्यांनी वकिलांकडे असं बघितलं, की काळ्या कोटाची इस्त्री मोडली असती. मोठ्या डॉक्टरांनी केसपेपर मागवला. लिहिलेलं खोडता येत नाही, असं कारकून म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याच खिशातलं पेन काढलं, काहीही न खोडता 'व'चा 'ट' केला आणि कागद परत दिला. आता तक्रार होती: चाटतो.

"यावर उपचार काय लिहू?" कारकुनानं विचारलं.

"टॉवेल," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

डॉक्टर तात्यांना मनापासून आवडले. पण त्यांच्यापर्यंत पोचायला कारकून ओलांडावा लागणार होता. कडेला एवढी मोठी भेग असताना झाकण पास कसं करायचं?

यानंतर तात्यांनी आणखी तीन-चार दवाखाने बघितले. एका डॉक्टरच्या हातावर ओरखडा औषधालाही नव्हता. पण नखांना पॉलिश होतं. दुसऱ्यानं जामीनऐवजी तात्यांचीच जीभ बघितली आणि पोट साफ होतं का विचारलं. दुर्दैवानं होत नव्हतं, त्यामुळे तात्यांना राग नीट व्यक्त करता आला नाही. तिसऱ्या ठिकाणी जामीन आत शिरताच सगळे कर्मचारी एका सुरात "परत आला!" म्हणाले. वकिलांच्या उदारपणाचं कारण तेव्हा कळलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको उशीच्या अभ्र्याला बटण लावता लावता म्हणाली. रविवारची दुपार होती. "अहो, कोपऱ्यावरचा एकदा बघून तरी या."

"तो शेवटी बघणार आहे. जवळचं असलं की माणूस हळवा होतो. निर्णय बिघडतो."

दाराची बेल वाजली. बायको अभ्रा ठेवून उठली. काकू आल्या होत्या, साक्षीचं काय झालं हे परत एकदा ऐकायला. बोलणं लांबलं. आणि आतून मुलीची किंकाळी आली.

ठोंब्या फ्रिजसमोर खाली बसला होता. पुढच्या दोन्ही पंजांनी तोंड ओरबाडत होता. तोंडातून लाळ गळत होती आणि जबड्याच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं. अभ्र्यावर सुई नव्हती.

वकीलही धावत वर आले. "ओढा! चटकन ओढा दोरा!"

"तेल पाजा," काकू म्हणाल्या. "सुळकन उतरेल."

तात्या गुडघ्यांवर बसले. त्यांचा हात दोऱ्यापर्यंत गेला. ठोंब्यानं वर बघितलं. एरवी एक डोळा उघडून बघणारा तो बोका आता दोन्ही डोळ्यांनी बघत होता, आणि घशातून एक बारीक, अनोळखी आवाज काढत होता.

"बाबा, हात लावू नका!" मुलगी फोन कानाला धरून ओरडली. "डॉक्टर म्हणतायत अजिबात ओढायचं नाही. तसंच उचलून आणा म्हणतायत!"

कुठला डॉक्टर, शिकलेला कुठे, हातावर ओरखडे किती, यातलं तात्यांनी काहीही विचारलं नाही. त्यांनी ठोंब्याला अभ्र्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि बनियनवर, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात काकूंची चप्पल घालून रस्त्यावरून पळत सुटले. ठोंब्याची नखं बनियनमधून त्यांच्या छातीत रुतली होती. "आलं हं, आलं," तात्या धापा टाकत त्याला सांगत होते. "पोचलोच आपण, राजा." त्यांनी त्याला राजा म्हटल्याचं मुलीनं मागून ऐकलं आणि ती रडता रडता पळत राहिली.

सायकलच्या दुकानाच्या वरची खोली लहानशी होती. डॉक्टरबाई जेवत होत्या. डबा तसाच उघडा टाकून त्या उठल्या, हात धुतले आणि टेबलावरचा दिवा ओढला.

"इथे ठेवा. धरा."

"आपण किती वर्षं..." तात्यांच्या तोंडून सवयीनं निघालं.

"बोलू नका, धरा. मान अशी. घट्ट नको, पण सोडायचं नाही."

तात्यांनी धरलं. गुंगीचं इंजेक्शन गेलं, तेव्हा ठोंब्यानं त्यांच्या मनगटावर एक लांब ओरखडा काढला. तात्या हलले नाहीत. हळूहळू तो जड होत गेला. मुलीनं बॅटरी धरली. डॉक्टरबाईंनी जबडा उघडला, चिमटा आत घातला आणि खोलीत कुणी श्वास घेतोय की नाही ते कळेना. तात्या ठोंब्याच्या कानाकडे बघत राहिले. तो कान आतून इतका गुलाबी आहे, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

टण्ण. स्टीलच्या भांड्यात सुई पडली.

"टाळूत रुतली होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोरा ओढला असतात, तर आणखी आत गेली असती. कुणी सांगितलं नाही ओढा म्हणून?"

"सांगितलं," तात्या म्हणाले.

"मग?"

तात्यांनी मुलीकडे बोट दाखवलं. चष्म्यावर वाफ धरलीय, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी चष्मा बनियनला पुसला. बनियन रक्तानं आणि लाळेनं माखला होता, त्यामुळे चष्मा आणखीच बिघडला.

"तुमचा हात पण बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि ओरखड्यावर औषध लावलं. तेव्हा कुठे तात्यांचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे होते. मध्यम अजिबात नव्हते. तात्यांना त्यावर काही म्हणावंसं वाटलं नाही. "ठोंब्या शुद्धीवर येईपर्यंत थांबा. लस नंतर देऊ, आता त्याला आराम पाहिजे."

"आम्ही थांबतो," तात्या म्हणाले. "तुम्ही जेवून घ्या."

ठोंब्या शुद्धीवर आला, त्याला चालता येईना म्हणून चिडला आणि समोर दिसलेल्या तात्यांच्या अंगठ्याला चावला. तात्यांनी हे सगळ्या बिल्डिंगला कौतुकानं सांगितलं.

बिल्डिंगनं अर्थातच विचारलं, की शेवटी दवाखाना ठरला कसा.

"सगळे बघितले," तात्या जिन्यात उभे राहून म्हणायचे. "एकूण एक. तुलना केली. मग घेतला निर्णय." आतून बायकोचा खोकला ऐकू यायचा. पण लोकांना पटलं. वकिलांनी त्यांना दातांच्या डॉक्टरबद्दल सल्ला विचारला, स्वतःसाठी की जामीनसाठी ते स्पष्ट केलं नाही. काकू काकांना घेऊन आल्या.

पुढे एके दिवशी मुलगी ठोंब्याला लस टोचून परत आली, तेव्हा तिच्या एका हातात ठोंब्याची टोपली होती आणि दुसऱ्या हातात आणखी एक. तीत एक मळकट पिल्लू बसलं होतं. कुत्र्याचं. एका पायाला बँडेज होतं आणि कान एकमेकांशी भांडल्यासारखे दोन दिशांना वळले होते.

"हे काय?" तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कुणीतरी दवाखान्याच्या जिन्यात सोडून गेलं. डॉक्टरबाई घर शोधत होत्या त्याच्यासाठी. आपल्याकडे ठेवाल का विचारलंय. म्हणाल्या, तुझे बाबा धरतात छान."

पिल्लानं जांभई दिली.

"त्यांनी चौकशी केली असेल ना सगळीकडे? बरीच घरं बघितली असतील."

"नाही बाबा. आपलं पहिलंच. दुसरं बघणारच नाहीत म्हणाल्या."

तात्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. असं कुणी निवडतं का? काही विचारायचं नाही, घर बघायचं नाही, चार लोकांना विचारायचं नाही. हे अत्यंत चुकीचं होतं, आणि त्यांना त्याचा इतका आनंद झाला होता, की तो लपवायला त्यांनी आवाज चढवला.

"त्याला खाली ठेव आधी. फरशी गार आहे. माझी सतरंजी आण."